‘डबा’ बसवायचा की नाही? कोल्हापुरातली आमची वाटचाल

फायरवॉल म्हणजे नेटवरून होणारी नको ती ये-जा अडवणारी राखण. ती प्रत्येक मशीनमधल्या सॉफ्टवेअरची पुरते, की त्यासाठी वेगळा ‘डबा’ (हार्डवेअर फायरवॉल) घ्यायचा, हा प्रश्न. 2003 साली राजारामपुरीतल्या एका गाळ्यात आम्ही कॉम्प्युटर जोडणी-दुरुस्ती सुरू केली. त्याच ऑगस्टमध्ये ब्लास्टर नावाचा किडा (नेटवर्कवरून आपोआप पसरणारा व्हायरस) आला. डायल-अपनं नेट लावलं की पडद्यावर साठ सेकंदांची उलटी मोजणी सुरू व्हायची नि मशीन रीस्टार्ट. गिऱ्हाइकं एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा भाग) बदलून मागायची. खरं तर विंडोज एक्सपीत फायरवॉल होतीच, पण ती बंद असायची. ती चालू करायची नि पॅच (विंडोजमधली चूक बुजवणारी दुरुस्ती) टाकायचा, संपलं काम. तेवढ्यावर आमचं नाव शिरोली एमआयडीसीपर्यंत गेलं. पुढच्या वर्षी एक्सपीचा सर्व्हिस पॅक 2 आला, फायरवॉल आपोआप चालू राहायला लागली आणि ती कमाई थांबली.

मग टॅली, हिशेबाचं सॉफ्टवेअर. डेटा दुसऱ्या मशीनवर दिसत नाही म्हटलं, की कुणीतरी सरळ विंडोजची फायरवॉलच बंद करून जायचं. टॅलीपुरता पोर्ट (ये-जा करायचं नंबराचं दार) 9000 किंवा फाइल शेअरिंगचा 445 ठरावीक आयपींना (मशीनच्या नेटवर्क पत्त्यांना) उघडून दिला, की काम होतं. पण त्याला पाच मिनिटं जास्त लागतात, आणि तेवढा धीर कोणाला असतो?

फाउंड्रीवाल्यांची कामं मिळाली तसे आम्ही हार्डवेअर फायरवॉल विकायला लागलो. अहमदाबादच्या सायबरोमचा तेव्हा जोर होता. 2014 मध्ये सोफोसनं ती कंपनी घेतली. आमच्याकडे सगळे त्याला ‘डबा’च म्हणतात. ‘एकदाच काय तो डबा बसवा, परत कटकट नको,’ हे वाक्य आम्ही प्रत्येक शेठकडून ऐकलंय. कटकट असतेच. मोल्डिंगच्या वाळूची काळी भुकटी फॅनमध्ये बसते, म्हणून शॉपफ्लोअरजवळ आम्ही बिनफॅनचाच डबा देतो. माहितीपत्रकातला वेगाचा मोठा आकडा नुसत्या फायरवॉलचा असतो. सगळ्या तपासण्या चालू केल्या की तो पार खाली येतो. आणि बऱ्याच डब्यांचं लायसन्स संपलं तरी नेट चालूच राहतं, फक्त नव्या सिग्नेचर (नवे हल्ले ओळखायच्या खुणा) येणं थांबतं. त्यामुळे रिन्युअलची आठवण कोणालाच होत नाही.

12 मे 2017 ला वॉनाक्राय, फायली लॉक करून खंडणी मागणारा किडा, सुटला. एका कारखान्यात डबा चांगला होता, बाहेरून 445 बंद होता. पण मशीन दुरुस्तीला आलेल्या इंजिनिअरनं स्वतःचा लॅपटॉप आतल्या स्विचला (मशीन एकमेकांना जोडणाऱ्या पेटीला) लावला आणि अकाउंट्सच्या फायली एकामागून एक लॉक झाल्या. एकाच स्विचवरच्या दोन मशीनमधली देवाणघेवाण डब्यापर्यंत जातच नाही, तर तो अडवणार काय? ज्या मशीनवर मार्चमधला पॅच होता, किंवा फायरवॉल चालू नि शेअरिंग बंद होतं, ती सुखरूप राहिली.

उलट उदाहरणही फाउंड्रीतलंच. धातूचा नमुना तपासणारा स्पेक्ट्रोमीटर ज्या पीसीला जोडलेला असतो, तो अजून कित्येक ठिकाणी एक्सपीवर चालतो. त्या विंडोजचा सपोर्ट 8 एप्रिल 2014 ला संपला. पण नवी विंडोज टाकली तर यंत्राचं सॉफ्टवेअर चालत नाही, आणि यंत्र बदलायचं तर लाखांचा खर्च. अशा पीसीवर आता कुठलं सॉफ्टवेअर घालणार? तिथे डबाच हवा. आम्ही तो पीसी वेगळ्या नेटवर्कमध्ये टाकतो, इंटरनेट पूर्ण बंद ठेवतो आणि रिपोर्ट लॅबच्या एका फोल्डरमध्ये जाईल एवढीच वाट उघडतो. हजेरीचं थंब मशीन नि सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांनाही हेच. डीव्हीआर बनवणाऱ्या कंपनीनं दिलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवून पोर्ट फॉरवर्ड करणारे (बाहेरून थेट त्याच्यापर्यंत वाट उघडणारे) अजून भेटतात. 2016 मध्ये मिराई नावाच्या किड्यानं अशीच उपकरणं गोळा केली होती.

म्हणून पाच-सहा मशीनच्या सीए ऑफिसला आम्ही डबा विकत नाही. राउटरचं बाहेरून लॉगिन बंद, यूपीएनपी (आतल्या उपकरणानं मागितलं की आपोआप पोर्ट उघडणारी सोय) बंद, प्रत्येक मशीनची फायरवॉल चालू आणि एका जागेवरून सांभाळता येईल असा अँटिव्हायरस, एवढं पुरतं. सर्व्हर असेल, दुसरी शाखा असेल किंवा वर सांगितल्यासारखी मुकी यंत्रं असतील, तर डबा. आणि तरीही मशीनवरची फायरवॉल चालूच. 2020 च्या लॉकडाउनमध्ये गोकुळ शिरगाव एमआयडीसीतले डबे रिकाम्या ऑफिसांची राखण करत होते, कामाचे लॅपटॉप मात्र घराघरांत. घरून काम करता यावं म्हणून 3389 (दुरून मशीन चालवायचा पोर्ट) उघडून द्या असे फोन यायचे. आम्ही व्हीपीएन (ऑफिसपर्यंतचा सांकेतिक, सुरक्षित रस्ता) लावून दिलं, नाही पटलं त्यांचं काम सोडलं.

आता आमचं मुख्य उत्पन्न वार्षिक देखभालीचं (एएमसी) आहे, विक्रीचं नाही. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) 28 एप्रिल 2022 च्या आदेशानुसार कंपन्यांना 180 दिवसांचे लॉग (यंत्रणेतल्या घडामोडींच्या नोंदी) ठेवावे लागतात आणि ठरावीक प्रकारच्या सायबर घटना सहा तासांत कळवाव्या लागतात. लहान डब्यात एवढे लॉग मावत नाहीत, म्हणून जुन्याच एखाद्या डेस्कटॉपला मोठी हार्ड डिस्क लावून ते तिकडे वळवतो. त्या हार्ड डिस्कचं बिल एएमसीत धरायचं की वेगळं, यावर घासाघीस ठरलेली.