चैत्र आलाय बरं का
आज सकाळी दूध आणायला खाली उतरले आणि गेटसमोरच्या पिंपळाकडे बघतच राहिले, परवापर्यंत नुसता खराटा होता हो, आणि आज अख्ख्या झाडाला तांबूस कोवळी पालवी, ऊन पडलं की नुसती चमकतेय. दूध विसरून 10 मिनिटं तिथेच उभी. वॉचमनकाका म्हणाले, काय हरवलंय का ताई 😄

मग मंडईत गेले तर कैऱ्या आल्यात! पाव किलो घेतल्या (भाव विचारू नका), हरभऱ्याची डाळ रात्रीच भिजत घातलेली त्यामुळे घरी येऊन डायरेक्ट आंबेडाळीला लागले. ही डाळ जाडसरच राहिली पाहिजे, मी फोनवर गप्पा मारता मारता मिक्सरचं बटण दाबून ठेवलं आणि झाला की गोळा. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवला तर म्हणे "आम्ही पाट्यावर वाटायचो गं". झालं! पण वरून हिंग-मोहरीची चरचरीत फोडणी, सुक्या मिरच्या, ओलं खोबरं पडल्यावर वाटीभर उभ्याउभ्याच संपवली. चैत्रगौर बसली की अक्षय्य तृतीयेपर्यंत हळदीकुंकवं आहेतच, तोवर बसेल हात.

पाडव्याची साखरेची गाठी अजून फ्रिजवरच आहे, मुंग्या लागायच्या आत संपवायचीय. नवीन वर्षाचा संकल्प वगैरे काही नाही, जानेवारीतलाच पेंडिंग आहे. माठ तेवढा नवीन आणलाय, दोन दिवस पाणी भरून ठेवला होता, आज पहिल्यांदा त्यातलं पाणी प्यायले, तो ओल्या मातीचा वास, अहाहा... वाळा आणायचा राहिलाय फक्त.