ओ प्लसची कालवड

आयर्लंडमधल्या एका बीफ कारखान्यात मी क्वालिटीला आहे. (गावी फोनवर फक्त ‘फूड कंपनी’ म्हणतो, पुढचे प्रश्न टळतात.) आमच्याकडे सोललेलं धड रेलवरून कॅमेऱ्यासमोर येतं, फोटो निघतो आणि प्रत ठरते. आकाराला ई, यू, आर, ओ, पी यांतलं अक्षर (ई सर्वांत भरलेलं, पी सर्वांत रोड; प्लस म्हणजे त्याच अक्षरात वरचं), चरबीला १ ते ५ मधला आकडा (५ म्हणजे सर्वांत जास्त). शेतकऱ्याचा दर मुख्यतः यावर. अमेरिकेत १२व्या आणि १३व्या बरगडीच्या मध्ये काप देऊन आतली चरबीची जाळी, म्हणजे मार्बलिंग, बघतात. आमचा कॅमेरा बघतो ती मांडी आणि पाठ किती भरलीय ते.

त्या दिवशी शारोले जातीचा एक तरुण वळू आला. काय मांड्या! यू प्लस. मागोमाग फ्रिजियन या दुधाच्या जातीच्या गाईला अँगस वळूपासून झालेली कालवड, लांबट, हाडं दिसणारी. ओ प्लस, चरबी ४.

दोन दिवसांनी चिलरमध्ये पीएच घेतला, म्हणजे मांसाची आम्लता (आकडा जितका कमी, आम्ल तितकं जास्त). ५.५च्या आसपास हवा, वळूचा ५.९८. कापलेलं मांस जांभळट-काळं. कारखान्याच्या गोठ्याच्या नोंदी काढल्या तेव्हा कळलं, आदल्या रात्री त्याला अनोळखी वळूंसोबत ठेवलं होतं. रात्रभर एकमेकांवर चढणं, ढुशा. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, संपलं, मग मेल्यावर लॅक्टिक आम्ल बनून पीएच उतरायला उरलं काय? चूक आमचीच होती, शेतकऱ्याची नव्हे.

दोघांचं सरलॉइन (पाठीचं कमरेकडचं मांस) चौदा दिवस थंडीत मुरवत ठेवून टेस्ट किचनमध्ये ७१ अंशांवर भाजलं. नंबर झाकून आठ जणांनी खाल्लं. वळूचा तुकडा मी इतका वेळ चघळला की शेजारचा हसला. कालवडीचा दातांत धरताच सुटला, रस जिभेवर. आठपैकी आठ जणांनी तिलाच निवडलं.

दोन जनावरांवरून नियम काढू नये, हे मलाही कळतं. उद्या एखादी यूची कालवडही अशीच लागेल. ती प्रत मांस किती निघेल हे सांगते. कसं लागेल हे तिला कुणी विचारलेलंच नाही.

वळूचं सरलॉइन खिम्यात गेलं, पैसे मात्र यू प्लसचे दिले. दुपारी कालवडीच्या मालकाचा फोन आला: “ओ प्लसच का?” चाचणीचा कागद माझ्या हातातच होता. मी त्याला कॅमेऱ्याचे आकडे वाचून दाखवले.