कोल्चेस्टर: बूडिकाने जाळलेल्या गावात एक दिवस

इंग्लंडात रोमन अवशेष बघायचे म्हटलं की सगळे बाथला नाहीतर हेड्रियनच्या भिंतीकडे धावतात. पुण्याहून आलेल्या आईला घेऊन मी मुद्दाम कोल्चेस्टरला गेले. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीटहून गाडीने तासाभराचं अंतर. शिवाय रोमनांनी ब्रिटनमध्ये पहिलं बस्तान बसवलं ते इथे, आणि बूडिका या स्थानिक राणीने ते पेटवून दिलं तेही इथेच.

आधी माझी चूक सांगते, म्हणजे तुम्ही करणार नाही. आम्ही रविवारी गेलो. रुळांचं काम चालू असल्याने अर्धा प्रवास बसने झाला आणि एका तासाचे अडीच तास झाले. त्यात मोठं स्टेशन गावाच्या खाली आहे, तिथून वीसेक मिनिटांचा चढ. सोबत गुडघेदुखी असेल तर कोल्चेस्टर टाउन या दुसऱ्या स्टेशनाची गाडी मिळते का बघा, ते गावाला जवळ. आईने चढ चढला, पण मला ऐकवत ऐकवत.

चढ संपतो तिथे बाल्कर्न गेट. ब्रिटनमध्ये शिल्लक असलेली ही सर्वात मोठी रोमन वेस. तिच्या काही भागावर चक्क एक पब बसलाय. पायी जाणाऱ्यांसाठीची छोटी कमान मात्र शाबूत आहे आणि आजही लोक बाजाराच्या पिशव्या घेऊन तिच्यातून येजा करतात. आत शिरून भिंतीला हात लावून बघा: दगडाचे थर, मध्येच पातळ लाल विटांच्या ओळी, पुन्हा दगड. या रोमन विटा एकदा ओळखायला शिकलात की गावभर दिसू लागतात. होली ट्रिनिटी चर्चचा मनोरा, सेंट बोटोल्फचा पडका मठ, किल्ला, सगळीकडे त्याच उचलून वापरल्यात.

हा तट पावणेतीन किलोमीटरचा आहे आणि बराचसा उभाही आहे. पण तो बांधला कधी? बैल गेला आणि झोपा केला, अशातली गत. इ. स. ४३ मध्ये रोमन सैन्य उतरलं, मागून सम्राट क्लॉडियस स्वतः आला, कॅम्युलोडुनम (म्हणजे आजचं कोल्चेस्टर) ही इथली राजधानी घेतली आणि उण्यापुऱ्या सोळा दिवसांत रोमला विजय मिरवायला परत गेला. पुढे फौज पश्चिमेकडे हलली, लष्करी तळाच्या जागी निवृत्त सैनिकांची वसाहत झाली. त्यांनी आसपासच्या ट्रिनोव्हांटेस लोकांना घरांतून, शेतांतून हुसकलं आणि क्लॉडियसच्या देवळाचा खर्चही स्थानिकांच्याच माथी मारला. तिकडे इसेनी या दुसऱ्या जमातीचा राजा, बूडिकाचा नवरा प्रासुटागस वारला. त्याने सम्राट नीरो आणि आपल्या मुली यांना मिळून वारस नेमलं होतं, रोमनांनी सगळंच खालसा केलं. (या शब्दाचा अर्थ मराठी माणसाला फोडून सांगावा लागत नाही.) राणी बूडिकाला फटके मारले, मुलींवर बलात्कार केले. इ. स. ६०-६१ मध्ये ती चालून आली तेव्हा गावाला ना तट, ना खंदक. मदत मागितली तर दोनशे माणसं आली. उरलेले लोक देवळात कोंडून बसले आणि दोन दिवसांत देऊळही पडलं.

त्या देवळाच्या जोत्यावरच नॉर्मन लोकांनी किल्ला उभारला. आज त्यात संग्रहालय आहे. जोत्याच्या पोटात उतरायचं असेल तर मार्गदर्शकासोबतच जाता येतं. त्याचं तिकीट वेगळं, जागा मोजक्या, म्हणून आत शिरल्या शिरल्या आधी ते घ्या. आम्ही उशिरा विचारलं आणि दुपारपर्यंत ताटकळलो. खाली थंडगार असतं. रोमनांनी या पोकळ्या वाळूने भरल्या होत्या. सतराव्या शतकात किल्ला पाडून विकायला निघालेल्या एका मालकाने ती वाळू उपसली, म्हणून आपल्याला उभं राहायला जागा आहे.

वर मात्र एका दगडापाशी वेळ काढा. लाँगिनस नावाच्या थ्रेसियन घोडेस्वाराची ही समाधीशिळा. तो रुबाबात घोड्यावर, आणि टापांखाली अंग चोरून पडलेला एक उघडा, केसाळ स्थानिक माणूस. १९२८ साली शिळा सापडली तेव्हा स्वाराचा चेहरा नव्हता. बूडिकाच्या माणसांनीच तो फोडला, असं बरीच वर्षं सांगत. १९९६ मध्ये चेहरा सापडला आणि तो बहुधा खोदतानाच तुटला असावा असं दिसलं. मी आईला लेख वाचून दाखवला: स्वाराचं नाव, बापाचं नाव, गाव, वय चाळीस, नोकरी पंधरा वर्षं.

"आणि खालचा कोण?" आईने विचारलं.

त्याचं काहीच लिहिलेलं नाही.

शेजारच्या दालनांत आगीच्या खुणा बघायला मिळतात. घरं मातीच्या भिंतींची होती. एरवी ती पावसात विरघळून गेली असती, आगीत भाजून विटेसारखी लाल झाली आणि टिकली. गावात कुठेही खोल खणलं की हा थर लागतो. त्यात कोळसा झालेले खजूरही सापडलेत. २०१४ मध्ये हाय स्ट्रीटवरच्या एका दुकानाखाली सोन्याचांदीचे दागिने निघाले. घाईघाईत जमिनीत पुरलेले, न्यायला कोणी परत आलं नाही. ते इथेच मांडलेत.

डबा किल्ल्याभोवतीच्या बागेत खा, बाकं भरपूर आहेत. पाय चालत असतील तर पुढे दक्षिणेला रोमन सर्कसची जागा आहे. रथांच्या शर्यतींचं हे मैदान २००४ मध्ये सापडलं, ब्रिटनमध्ये माहीत असलेलं एकमेव. पण उघडण्याचे वार आधी बघून घ्या आणि उंच भिंतींची अपेक्षा ठेवू नका, दिसतं ते पायापुरतंच. आईने तिथे यायला साफ नकार दिला. ती प्रायरी स्ट्रीटच्या वाहनतळामागे तटाच्या सावलीत थर्मासमधला चहा पीत बसली, आणि खरं सांगायचं तर तट सगळ्यात छान तिथूनच दिसतो.