भारमान नाही म्हणून बंद झालेली आमची गाडी

आमच्या गावाची एसटी एका दिवसात बंद झाली नाही. आधी तिचा मुक्काम गेला, मग वेळ गेली, मग माणसं गेली आणि शेवटी आगाराने सांगितलं की भारमान नाही, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, ती आता फाट्यावरूनच मागे फिरेल. फाटा ते गाव चार किलोमीटर, त्यातला निम्मा चढ. गाडी पुन्हा गावात आणायला काय काय करावं लागलं ते लिहून ठेवतेय, कारण आसपासच्या वाड्यांमधून सारखी विचारणा होते, “ताई, तुम्ही नेमका अर्ज दिला तरी कुणाला?” गावाचं आणि आगाराचं नाव मुद्दाम टाकलेलं नाही. तिथल्या लोकांशी रोजचा संबंध आहे, आणि त्यांतल्या दोघा-तिघांनी आतून मदत केली म्हणूनच हे जमलं.

मी आशा सेविका. कुणाच्या घरात गरोदर बाई आहे, कुणाची बीपीची गोळी संपत आली, कुणाचा म्हातारा पंच्याहत्तरीच्या पुढे आहे, हे मला तोंडपाठ असतं. गाडीच्या भानगडीत हीच माहिती सगळ्यात जास्त कामाला आली.

पूर्वी आमच्याकडे मुक्कामी गाडी होती. रात्री साडेआठला यायची, ड्रायव्हर-कंडक्टर ग्रामपंचायतीच्या खोलीत झोपायचे आणि सकाळी सहाला ती सुटायची. कॉलेजची पोरं, बाजाराला भाजी नेणाऱ्या बाया, दवाखान्याचे पेशंट, सगळ्यांना तीच. २०२१ च्या दिवाळीत विलीनीकरणाचा संप पेटला आणि एप्रिल २०२२ पर्यंत चालला. लोक कामावर परतले, दिवसाच्या फेऱ्या सुरू झाल्या, मुक्कामी मात्र आलीच नाही. त्यात पंधरा वर्षं झालेल्या सरकारी गाड्या १ एप्रिल २०२३ पासून रस्त्यावर आणायच्या नाहीत असा नियम आला. “गाड्याच नाहीत हो” हे आगारात प्रत्येकाच्या तोंडी. खोटं नव्हतं ते. पण गाड्या कमी पडल्या की कुणाची फेरी कापायची, हे कुणीतरी ठरवतंच की.

मुक्काम गेल्यावर सकाळची गाडी आगारातून निघून वर यायला लागली आणि गावातून सुटायला पावणेआठ वाजू लागले. तालुक्याच्या ज्युनियर कॉलेजचा पहिला तास साडेसातला. मग त्या गाडीत कोण बसणार? पोरं वडापला, म्हणजे खासगी जीपला, लागली. भाजीवाल्या बायांना लिलाव गाठायचा, त्याही वडापला. ज्याची वडाप आहे तो माझ्या नवऱ्याचा चुलतभाऊ. त्याच्यावर मी बोट ठेवणार नाही. रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन तोच जातो, पैसे नंतर दिले तरी चालतात. पण आठ-नऊ सीटांच्या जीपमध्ये चौदा-पंधरा माणसं कोंबून रोज घाट उतरायचा म्हणजे जीव मुठीतच. शिवाय तिथे कसली सवलत? सरकारने २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना एसटी फुकट केली, १७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट केलं, बारावीपर्यंतच्या मुलींना तर पासच मोफत. हे सगळं गाडीत पाय ठेवल्यावर मिळतं. आमच्या गावच्या बायका अर्ध्या तिकिटाच्या काळात पूर्ण भाड्याच्या दुप्पट मोजून बाजाराला जात होत्या.

जून २०२४ मध्ये गाडी फाट्यापर्यंतच राहिली. त्याच महिन्यात पास थेट शाळेत येऊन द्यायची मोहीम निघाली होती. एसटीची माणसं आली, पोरींना पास मिळाले, ते फाट्यापासूनचे. माझी मुलगी तेव्हा अकरावीत. पावसात छत्री धरून फाट्यापर्यंत उतरायचं आणि संध्याकाळी भिजलेलं दप्तर घेऊन चढायचं. सातवी-आठवीतल्या दोघींच्या घरच्यांनी “आता बास” म्हणून त्यांना मामाकडे ठेवून दिलं.

सगळी गावं करतात ते आधी आम्हीही केलं. सरपंचांच्या लेटरपॅडवर निवेदन, खाली सह्या-अंगठे, आगार व्यवस्थापकांना देताना फोटो, ‘अन्यथा रास्ता रोको’ची ओळ. फोटो छापून आला. गाडी आली नाही.

खरं काय ते मला बसस्थानकातल्या कंट्रोलरने सांगितलं. लसीकरणाचा डबा घेऊन मी गाडीची वाट बघत त्याच्या खिडकीशी उभी होते. पुढ्यात रेघा मारलेलं मोठं रजिस्टर, एका कानाला फोन, आणि खिडकीच्या फटीतून दर मिनिटाला कुणीतरी “अमकी लागली का?” विचारतंय. त्यातच तो म्हणाला, “ताई, तुमचं निवेदन वाचलं मी. गैरसोय, गैरसोय, गैरसोय. आकडा एक तरी आहे का त्यात? साहेबांना वर भारमान दाखवावं लागतं. तुम्ही आकडा देत नाही, मग आमच्याकडे आहे तोच धरला जातो.”

भारमान म्हणजे गाडीत जेवढ्या सीटा, त्यातल्या सरासरी किती भरल्या त्याचा शेकडा. त्याच्या जोडीला किलोमीटरमागे उत्पन्न किती पडलं ते बघतात. आमच्या फेरीचं दोन्ही पडलेलं होतं. मी विचारलं, कुठल्या महिन्याचं? तो हसला. “ते माहितीच्या अधिकारात मागा. मी सांगितलं असं सांगू नका.” एवढ्यात कुठली तरी गाडी लागली आणि तो माइकवर गेला.

अर्ज सोपा असतो. साध्या कागदावर जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. दारिद्र्यरेषेखालचं कार्ड असेल तर तेही लागत नाही. फक्त प्रश्न नेमके हवेत. ‘गाडी का बंद केली’ असं विचारलं तर ‘प्रशासकीय कारणास्तव’ असं एका ओळीचं उत्तर येतं. मी मागितलं ते असं: या फेरीचं मागच्या वर्षभरातलं महिनावार भारमान आणि उत्पन्न, रद्द झालेल्या फेऱ्यांच्या तारखा आणि रद्द करण्याची कारणं, आणि फेरी फाट्यापर्यंत आणण्याचा आदेश व त्यामागचा अहवाल. कायद्यात तीस दिवस आहेत, त्यांनी ते पुरेपूर वापरले. पानामागे दोन रुपये भरून कागद हातात आले.

दोन गोष्टी त्यात स्पष्ट होत्या. एक, ज्या अहवालावर निर्णय झाला तो मे महिन्यातल्या प्रवाशांवर होता. मे महिन्यात शाळा-कॉलेज बंद. आमच्या गाडीत मे महिन्यात बसायचं कुणी? लग्नाचं वऱ्हाड असेल तर तेही ट्रॅक्टरने जातं. दुसरी गोष्ट जास्त लागली. वर्षभरात कितीतरी दिवस फेरी रद्द होती आणि समोर ‘वाहक उपलब्ध नाही’, ‘गाडी नादुरुस्त’ असं लिहिलेलं. गावात कुणाला ते आधी कळायचं नाही. माणूस तासभर थांब्यावर ताटकळतो, गाडी येत नाही, दुसऱ्या दिवशी तो थांब्यावर येतच नाही. आणि तो येत नाही म्हणून भारमान पडतं. तारखांच्या त्या यादीतली एक तारीख माझ्या ओळखीची निघाली. त्या दिवशी मी एका पेशंटला सोनोग्राफीला घेऊन जाणार होते, ती राहून गेली होती.

तोवर १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव झाला होता. ठराव लागतोच, त्याशिवाय कागदाला वजन येत नाही. पण ठरावाबरोबर मी एक तक्ता केला. कुठल्या वाडीतून, कुठल्या वेळेला, कोण जातं: पासवाल्या मुली, पासवाली मुलं, अर्ध्या तिकिटाच्या बाया, पंच्याहत्तरीच्या पुढचे, पूर्ण तिकिटाचे. त्यातले आत्ता वडापने कोण जातात आणि वेळ बदलली तर एसटीने कोण येतील, हे वेगळं. नुसतं ‘तीनशे उंबऱ्याचं गाव’ लिहून कुणी हलत नाही. नावं असली की वाहतूक निरीक्षकांना, म्हणजे टीआय साहेबांनाही, खाली कुणाला तरी विचारता येतं. शाळेच्या आणि कॉलेजच्या मुख्याध्यापकांकडून तासांच्या वेळांची पत्रं घेतली. वेळेचं पत्र फार महत्त्वाचं. आमची मागणी ‘गाडी सुरू करा’ अशी नव्हतीच, ‘गाडी सात वाजायच्या आत गावातून सोडा’ अशी होती. पावणेआठची गाडी परत दिली असती तर पुढच्या मेमध्ये पुन्हा बंद झाली असती.

टीआय साहेब रस्ता बघायला आले. झाडी काचांना लागते म्हणाले, ती पोरांनी आणि आम्ही बायांनी मिळून एका रविवारी तोडली. गाडी वळवायला जागा नाही म्हणाले, आणि तिथे खरी मेख होती. देवळापुढची जागा मोकळीच, पण तिथे एका सदस्याच्या घराची खडी दीड वर्ष पडून. गावातल्या पुढच्या बैठकीत गाडीपेक्षा जास्त वेळ त्या खडीवर गेला. जुने हिशेब निघाले, कुणाच्या बांधाचे, कुणाच्या पाइपलाइनचे. शेवटी तात्यांनी, वय वर्षं ऐंशी, सांगून टाकलं, “माझं तिकीट फुकट हाय, पण ह्या खडीवर बसून मला तालुक्याला जाता येत न्हाई.” दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर लागला.

मुक्कामी गाडीचं मात्र जमलं नाही. खोलीला कडी, बाथरूम, पाणी, लाइट सगळं करून द्यायची तयारी होती, पण आता बऱ्याच ड्युट्यांवर महिला कंडक्टर असतात, त्यांची रात्रीची सोय अशा खोलीत कशी करायची हा त्यांचा प्रश्न होता. मला तो पटला. मी स्वतः त्या खोलीत झोपले नसते.

कागद आगारात दिले. आवक-जावकच्या टेबलावर पोच घ्यायची, शिक्का आणि तारखेसह. “ठेवून जा” म्हटलं तरी जायचं नाही. तरीही महिने गेले. दरम्यान जानेवारी २०२५ मध्ये तिकिटं पंधरा टक्क्यांच्या आसपास वाढली. पारावर लोक म्हणायला लागले, “आपल्याला काय, आपल्याकडे गाडीच नाही.”

वाट मोकळी झाली ती ‘प्रवासी राजा दिना’त. जुलै २०२४ पासून एसटीने हे सुरू केलंय, सोमवारी आणि शुक्रवारी विभाग नियंत्रक, म्हणजे आगारांच्या वरचे साहेब, एखाद्या आगारात येऊन बसतात आणि सकाळी दहा ते दोन प्रवाशांच्या लेखी तक्रारी ऐकतात. कुठल्या दिवशी कुठल्या आगाराची पाळी आहे ते आगारात विचारायचं. आमच्या पाळीच्या दिवशी मी, सरपंच, कॉलेजचे एक सर आणि बारावीतल्या तीन मुली गेलो. मुलींना न्यायचं सरांनी सुचवलं, मला आधी ते बरं वाटत नव्हतं. सरपंच भाषणाच्या पवित्र्यात होते, साहेबांनी हातानेच थांबवलं आणि कागद मागितले. तक्ता बघितला, मेचा अहवाल बघितला, आणि टीआयकडे वळून एवढंच विचारलं, “जूनचं घेतलं नाही?” टीआय काही बोलले नाहीत. मग साहेब मुलींकडे वळले. एकीने सांगितलं की प्रॅक्टिकलला उशीर होतो म्हणून सर बाहेर उभं करतात. कॉलेजचे सर शेजारीच बसले होते. त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला.

‘प्रायोगिक तत्त्वावर’ असा शब्द पडला. म्हणजे काही महिने चालवून बघायची, भारमान आलं तर कायम. जून २०२५ मध्ये कॉलेज सुरू होताना गाडी गावात आली, सकाळी पावणेसातला सुटणारी. आगारातून लवकर निघते, वर येताना जवळपास रिकामी असते, त्याचं नुकसान परतीत भरून काढायचं. पहिले आठवडे मी दारोदार सांगत फिरले की वडाप समोर उभी असली तरी एसटीच धरा. चुलतदिराने महिनाभर माझ्याशी अबोला धरला, मग त्याने दुपारच्या वेळा पकडल्या. गाडी रद्द होणार असेल तर कंट्रोलर आदल्या रात्री गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. हे कुठल्या नियमात नाही, तो आपणहून करतो, आणि माझ्या मते माणसं टिकली ती यामुळेच.

रविवारी गाडी नाही. संध्याकाळची परतीची गाडी अजून फाट्यापर्यंतच येते, तिचा अर्ज वेगळा चालू आहे. आणि खालच्या वाडीचा नवा घोळ झालाय. नवा मार्ग धरणाकडच्या सिमेंटच्या रस्त्याने काढला, त्यात वाडीचा थांबा सुटला. आता वाडीच्या लोकांना ओढ्याच्या पुलापर्यंत चढून यावं लागतं. तिथल्या एका मावशींनी मला चारचौघांत ऐकवलं, “तुझ्या पोरीचं काम झालं, आमचं काय?” माझी पोरगी आता बारावी होऊन नर्सिंगला गेली, तिला या गाडीचा उपयोगच नाही, पण मावशींना ते सांगून काय फायदा? वाडीतली नावं लिहून झालीत, विनंती थांबा मागायचा आहे. तो संध्याकाळच्या गाडीच्या अर्जात घालावा असं सरपंचांचं मत. कंट्रोलर म्हणतो, वेगळाच करा ताई, एका कागदावर दोन मागण्या दिसल्या की सोपी तेवढी मान्य करतात आणि फाइल बंद होते.