चटणीच्या पाकिटातली ती पुडी

"काकू, चटणीत चुकून कसलीतरी पुडी पडलीये. सगळं फेकून देऊ का?" असा फोन अधूनमधून येतोच. परवा धायरीहून एका ताईंचा आला. त्यांना फोनवर सुचेल तसं समजावलं, तेवढ्यात मागून त्यांच्या मुलाचा आवाज आला, "पण त्यात आहे तरी काय?" त्या मुलाला नीट उत्तर मिळायला हवं असं वाटलं, म्हणून लिहायला बसले.

पुडीवर 'खाऊ नये' असं छापलेलं असतं, त्यामुळे लोकांना ते विषच वाटतं. बुटांच्या खोक्यात येते ती सिलिका जेलची पुडी वेगळी, ती ओलावा शोषते. माझ्या जवसाच्या चटणीतली पुडी पाकिटातला ऑक्सिजन शोषते. तिच्यात लोखंडाची बारीक भुकटी असते, सोबत थोडं मीठ, थोडा कोळसा आणि ओलावा धरून ठेवणारी एखादी खनिज पूड. लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतं. चटणी कोरडी, म्हणून पाण्याची सोय पुडीतच केलेली असते. मिठाने गंजण्याचा वेग वाढतो. कोकणातल्या घरांच्या खिडक्यांचे गज आपल्या पुण्यातल्यापेक्षा लवकर खातात, तेही खाऱ्या हवेमुळेच.

नवी पुडी कापून ताटलीत ओता. भुकटी काळपट राखाडी आणि भुरभुरीत असते, चुंबक जवळ नेला की टोकं काढून उभी राहते. थोडा वेळ तशीच हवेत राहू द्या आणि हात लावून बघा, कोमट लागते. गंजताना उष्णता बाहेर पडते. दाराच्या बिजागरीवर ती जाणवत नाही, कारण तिथे हेच काम महिनोन्‌महिने चालतं. हिमालयात ट्रेकला जाणारी मंडळी हात शेकायला पुड्या नेतात, त्यांतही हीच भुकटी असते. आता संपलेल्या पाकिटातली जुनी पुडी कापा. आतला माल घट्ट बसलेला, विटकरी तपकिरी, आणि बोटाला लागणारा रंग थेट गेरूचा. गेरू म्हणजेही लोखंडाचं ऑक्साइडच, त्यामुळे रंग जुळतो यात नवल नाही.

हिशेब सोपा आहे. एक ग्रॅम लोखंड पूर्ण गंजलं तर साधारण ३०० मिलिलिटर ऑक्सिजन गिळतं. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के. पाकिटात दीडशे मिलिलिटर हवा अडकली असेल, तर तिच्यात ऑक्सिजन तीसेक मिलिलिटर. म्हणजे लोखंड चिमूटभरही पुरतं. पाकीट मात्र हवाबंद हवं. एकदा फोडलं की पुडी थोड्या वेळात थकते, मग तिचा उपयोग नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, तर जवसासाठी. चटणी 'खराब झाली' असं आपण म्हणतो तेव्हा दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकाच शब्दात कोंबतो. बुरशी येणं वेगळं, खवट होणं वेगळं. बुरशी जिवंत असते, तिला पाणी लागतं. खवटपणाला कुठलाही जंतू लागत नाही. तेल आणि ऑक्सिजन एवढं बास. म्हणून कोरडी, स्वच्छ, हात न लागलेली चटणीसुद्धा खवट होते, आणि गिऱ्हाईक म्हणतं, काकूंनी शिळा माल दिला. मला हे फार लागतं, कारण आमच्याकडे जवस आदल्या दिवशी भाजलेला असतो.

तेलाचा रेणू म्हणजे कार्बनच्या लांब साखळ्या. साखळीत जिथे दुहेरी बंध असतो, म्हणजे दोन कार्बन एकाऐवजी दोन जोडांनी धरलेले असतात, त्याच्या शेजारचा हायड्रोजन सैल असतो. तो निसटला की ती जागा ऑक्सिजन पकडतो आणि पेरॉक्साइड तयार होतं. ते तयार होताना शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढला जातो, मग तीही ऑक्सिजन पकडते, आणि हे पुढे पुढे सरकत जातं. पेरॉक्साइडला वास नसतो. ते मोडून लहान लहान तुकडे होतात, त्यांना वास येतो, आणि आपल्या नाकाला तो अगदी कणभर असला तरी कळतो. त्यामुळे बरेच दिवस चटणी ठणठणीत वाटते आणि मग एकदम बिघडते.

तुपात दुहेरी बंध कमी, म्हणून तूप टिकतं. शेंगदाण्याचं तेल मधलं. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त वाटा लिनोलेनिक आम्लाचा, त्यात तीन दुहेरी बंध. ऑलिक या तेलातल्याच दुसऱ्या आम्लात एकच असतो, त्याच्या तुलनेत हे आम्ल ऑक्सिजन साधारण २५ पट वेगाने घेतं. डॉक्टर ज्या ओमेगा-३ साठी जवस खा म्हणतात, ते हेच. जे त्यात चांगलं आहे तेच सगळ्यात नाजूक आहे. अख्खा जवस महिनोन्‌महिने टिकतो, कारण टरफल हवा आत येऊ देत नाही. मिक्सरमधून काढला की प्रत्येक कण उघडा पडतो. तिळात तेल भरपूर असूनही तिळाची चटणी जास्त टिकते, कारण तिळात स्वतःचे राखणदार असतात. भाजताना त्यातून सेसमॉल तयार होतं आणि ते वर सांगितलेली मालिका मध्येच तोडतं. मी जवसाच्या चटणीत तीळ घालते ते चवीसाठीही आणि यासाठीही.

खवट जवसाचा वास कधी घेतलाय? ऑइलपेंटसारखा येतो. हा योगायोग नाही. माझ्या वडिलांचं नाना पेठेत सुतारकामाचं दुकान होतं आणि सागवानी दारांना ते अळशीचं, म्हणजे जवसाचंच तेल द्यायचे. फडक्याने पातळ हात फिरवायचा, दार भिंतीला टेकवून ठेवायचं, आणि काही दिवसांनी लाकडावर कडक, चमकदार थर. तेल 'वाळलं' असं आम्ही म्हणायचो, पण त्यातून पाण्यासारखं काही उडून जात नाही. उलट तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन वजनाने वाढतं, साखळ्या एकमेकींत गुंततात आणि थर पक्का होतो. दारावर हवं ते हेच, आणि माझ्या बरणीत नको ते हेच.

वडिलांचा एक नियम फार कडक होता. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकायची नाहीत, अंगणातल्या तारेवर एकेक पसरून घालायची. बोळा केला की आत ऑक्सिजनशी जुळणी चालू राहते, उष्णता बाहेर पडायला वाट नसते, ती साचते, साचली की वेग वाढतो, आणि ठिणगी नसताना फडकं पेट घेतं. लाकडाच्या भुशाने भरलेल्या दुकानात हे केवढं धोक्याचं! घरी कोणी दाराला अळशीचं तेल देणार असेल तर हे लक्षात ठेवा.

तेलात तांब्याचा किंवा लोखंडाचा अंश उतरला की खवटपणा झपाट्याने येतो. त्यामुळे पितळी डब्यात कल्हई नसेल तर चटणी ठेवू नका. तांबट आळीत अजून काम चालतं. कल्हईवाला तापलेल्या भांड्यात नवसागर टाकतो, पांढरा धूर उठतो, आणि तांब्यावरचा ऑक्साइडचा थर निघून जातो. तो निघाल्याशिवाय कथील धरतच नाही. स्टीलचा डबा चालतो. स्टीलमधलं क्रोमियमही ऑक्सिजन घेतं, पण त्याचा थर अतिशय पातळ आणि चिवट असतो, आतल्या लोखंडापर्यंत हवा पोचू देत नाही. लोखंडाचा गंज पोकळ असतो, फुगतो, पापुद्रे सुटतात, आणि खालचं लोखंड परत उघडं पडतं.

त्या मुलासाठी आणखी एक हिशेब. आपण नुसते बसलेलो असताना शरीर मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतं. म्हणजे एक ग्रॅम लोखंड पूर्ण गंजून जेवढा घेईल, तेवढा आपल्याला मिनिटभरापेक्षा जरासा जास्त वेळ पुरतो. चटणीतलं तेलही शेवटी त्याच ऑक्सिजनशी जुळतं, फक्त पेशींमध्ये ते पायरीपायरीने होतं, म्हणून त्यातून जगायला ऊर्जा मिळते. आणि तो ऑक्सिजन फुप्फुसातून वाहून नेतं तेही लोखंडच, हिमोग्लोबिनमधलं. ते प्रथिनाच्या खोबणीत असं बसलेलं असतं की ऑक्सिजन धरतं आणि सोडतं, पण सहसा गंजत नाही. तरी रोज थोडं बिघडतंच, आणि रक्तातलं एक एंझाइम ते परत ठीक करतं. मला हे वाचलं तेव्हा केवढं आश्चर्य वाटलं होतं, आणि अजूनही वाटतं.

पुडीतल्या भुकटीचा प्रवासही असाच लांबचा. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत पृथ्वीच्या हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता आणि समुद्रात लोखंड विरघळलेलं होतं. सूक्ष्म जिवाणूंनी सूर्यप्रकाशावर जगता जगता ऑक्सिजन सोडला, ते लोखंड गंजून तळाशी बसलं. जगातल्या लोहखनिजाचे मोठे साठे त्या काळातले आहेत. भट्टीत कोळशाने त्यातला ऑक्सिजन काढला की लोखंड मिळतं, आणि माझ्या पाकिटात ते पुन्हा गंजतं.

ऑक्सिजन काढला की सगळंच टिकतं असं मात्र समजू नका. काही जिवाणूंना हवा सोसतच नाही. बोटुलिझमचा जीवघेणा विषार तयार करणारा जिवाणू त्यांतलाच, आणि तो ओलसर, कमी आंबट, हवा नसलेल्या जागी वाढतो. म्हणून ओल्या मिरचीच्या ठेच्यात किंवा तेलातल्या लसणात मी ही पुडी कधीच घालत नाही, तुम्हीही घरी घालू नका. असे पदार्थ थोडेच करायचे, फ्रिजमध्ये ठेवायचे आणि लवकर संपवायचे.

जवसाची चटणी यापुढे शंभर ग्रॅमच्याच पाकिटात देणार आहे. अर्ध्या किलोचं मागू नका. फोडल्यावर छोट्या डब्यात काठोकाठ भरा, म्हणजे वर हवा राहत नाही. खिडकीतल्या काचेच्या बरणीत ठेवू नका, उजेडानेही तेल खवटतं. फ्रिजमध्ये ठेवली तर उत्तम. पुडी चुकून फाटून चटणीत मिसळली तर तेवढं पाकीट टाकून द्या आणि मला कळवा, दुसरं पाठवते.