बिल नंबर ११८, ११९, १२०

महिनाअखेर आली की टीए-डीएच्या (प्रवासखर्च आणि रोजचा भत्ता) व्हाउचरांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येऊन पडतो. सात जणांची टीम, सगळे फिरतीवर, देवास, उज्जैन, खंडवा, भोपाळ. परवा शनिवारी म्हटलं दुपारपर्यंत सह्या आटोपून राजवाड्याकडून जिलबी घेत घरी जाऊ, तर ऑफिसातच सात वाजले.

निम्मा वेळ खाल्ला त्या थर्मल पेपरच्या बिलांनी. पेट्रोल पंपाची चिठ्ठी पोरं पाकिटात कोंबतात, दिवसभर उन्हात बाईकवर फिरतात आणि माझ्यापर्यंत येईस्तोवर तो कोरा कागद झालेला असतो. हातात पडली की लगेच फोटो काढा रे, हे सांगून माझं तोंड दुखलं. बाकी जीएसटी नंबराचे पहिले दोन आकडे, म्हणजे राज्याचा कोड, तेवढे मी बघतोच, बिल नागपूरच्या हॉटेलचं आणि नंबर महाराष्ट्राच्या २७ ऐवजी आपल्या एमपीच्या २३ ने सुरू, असं एकदा निघालेलं आहे.

तर या वेळी एकाची भोपाळची जेवणाची तीन बिलं. तारखा ४, ११, १९. आणि बिल नंबर ११८, ११९, १२०. वर अक्षर तिन्हीवर एकच, आणि तेच व्हाउचरवर, त्याच हिरव्या पेनने! पेन तरी बदलायचं ना.

बोलावलं. "अरे, दोन आठवड्यांत त्या ढाब्यावर तुझ्याशिवाय कुणी जेवलंच नाही का?"

"सर, नवीन आहे ढाबा."

मग मी काहीच बोललो नाही, नुसता बघत बसलो, तेव्हा खरं काय ते सांगितलं. भोपाळला तो लॉजवर राहतच नाही, मावशीकडे उतरतो, जेवणही तिथेच, पण मग रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून कधी फळं, कधी मिठाई, आणि त्याचं बिल लावायला आमच्या फॉर्ममध्ये रकानाच नाही, म्हणून ढाबेवाल्याकडून तीन कोरी बिलं घेतली. एकूण ६९० रुपये. लॉजवर राहिला असता तर रात्रीचे १,५०० प्रमाणे ४,५०० मी डोळे झाकून पास केले असते, पक्क्या बिलावर.

६९० कापले. खोट्या बिलावर सही करणार नाही म्हणजे नाही, पण कापताना हात जड झाला हे खरं (मी स्वतः सेल्समध्ये होतो तेव्हा देवासचे किलोमीटर जरा ताणूनच लिहायचो, कोण मोजतंय). आज अकाउंट्सला मेल टाकला की नातेवाइकांकडे राहिलं तर बिलाशिवाय रात्रीचे ३०० द्या, कंपनीचेच पैसे वाचतील. दहा मिनिटांत उत्तर, पॉलिसीत बसत नाही.

त्याला म्हटलं, पुढच्या वेळी सरळ लॉजवर राहा बाबा.

"मावशी रागावेल, सर."