आमची वाटचाल : त्या चार वेल

२०१४ च्या डिसेंबरात ब्लिनाटुमोमॅबला (रक्ताच्या कर्करोगाचं औषध : एका हाताने टी पेशी, म्हणजे शरीराचा सैनिक, आणि दुसऱ्याने कर्करोगाची पेशी धरणारं) अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि स्वतःचं काम सुरू करायला आम्ही दोघांनी राजीनामे टाकले. लोक म्हणाले, आता काय उपयोग, औषध तर आलं. आमचं गणित वेगळं होतं. औषध गुणी, पण शरीरात अर्धायुष्य जेमतेम दोन तास, म्हणून पेशंटला चार-चार आठवडे पंप लावून ठेवायचा. एफसीची शेपटी (अँटिबॉडीचा तो भाग, ज्यामुळे ती शरीरात टिकते) असलेले बायस्पेसिफिक, म्हणजे असेच दोन वेगळ्या गोष्टी धरणारे रेणू, येणार हे दिसत होतं, आणि ते नीट शुद्ध करून देणारं कुणीतरी लागणारच होतं.

भांडवल म्हणजे मिश्रणातून प्रथिनं वेगळी करणारं एक सेकंडहँड क्रोमॅटोग्राफी मशीन. त्याच्या पंपाच्या आवाजावरून भागीदार प्रेशर सांगायचा. अँटिबॉडी पकडून ठेवणाऱ्या प्रोटीन ए कॉलमला तो मला हात लावू द्यायचा नाही. स्वतः धुणार, वीस टक्के इथेनॉल भरणार, स्वतः बूच लावणार. (कॉलम सुकवणाऱ्या माणसाला कामावर ठेवू नका, पदवी कितीही मोठी असो.)

तिसऱ्या वर्षी एका मोठ्या कंपनीचं काम मिळालं. रचना नेहमीचीच, नॉब-होल : रेणूच्या एका अर्ध्याला उंचवटा (नॉब), दुसऱ्याला खाच (होल), म्हणजे दोन वेगळे अर्धे जुळतात. भागीदार म्हणाला, “सीडी३ चा, म्हणजे टी पेशीवरचा खटका धरणारा, हात नॉबच्या बाजूला घ्या. दोन नॉब एकमेकांत बसत नाहीत, दोन होल मात्र जुळून जातात.” त्यांच्या अधिकाऱ्याचं उत्तर एका ओळीचं : प्लाझ्मिड (रेणूचा आराखडा असलेले डीएनए) तयार आहेत, बदल नको. आम्ही मान डोलावली. काम हवं होतं, खोटं कशाला बोलू?

माल काढला. साइज एक्स्क्लुजनवर (रेणू आकाराने वेगळे करणारी चाचणी) दीडशे किलोडाल्टनला एकच देखणं शिखर. त्या रात्री आम्ही खूश होऊन घरी गेलो. होल-होल जोडीचं वजनही जवळपास तेवढंच, ती त्याच शिखरात दडून बसते, हे आम्हाला ठाऊक होतं. तरी विद्युतभारावरून रेणू वेगळे करणारं आयन एक्स्चेंज केलं नाही. घाई होती.

तीन आठवड्यांनी त्यांच्या चाचणीच्या प्लेटचा फोटो आला. प्लेटमधल्या छोट्या खळग्यांना वेल म्हणतात. जुरकॅट रिपोर्टर पेशी, म्हणजे चेतल्या की ल्युसिफरेजमुळे उजळणाऱ्या टी पेशी. टार्गेट पेशी असलेल्या वेल उजळलेल्या, ते ठीक. पण कडेच्या चार वेलमध्ये टार्गेट नव्हतंच, नुसत्या टी पेशी, आणि त्याही उजळलेल्या. शत्रू समोर नसताना गोळीबार. २००६ साली लंडनमध्ये टीजीएन१४१२ हे प्रायोगिक औषध घेतलेले सहा निरोगी स्वयंसेवक अतिदक्षता विभागात गेले. तो रेणू सीडी२८ या टी पेशीवरच्या दुसऱ्या खटक्याचा, निराळा. तरी तेव्हापासून या धंद्यात असल्या उजेडाला कुणी हसत नाही.

पैसे अडकले. आमचा माल घाण आहे, ही बातमी आमच्याआधी सगळीकडे पोचली. प्लाझ्मिडची गोष्ट कुणी विचारली नाही. एका स्पर्धकाने तर परिषदेत आमचाच ग्राफ दाखवला, ‘वरून शुद्ध दिसणारा माल’ म्हणून. नाव कापलं होतं, पण भागीदाराने अक्षावर ‘मिनिटे’ऐवजी ‘मिनटे’ लिहिलं होतं, ते तसंच होतं. मी तिसऱ्या रांगेत बसलो होतो. ते काम पुढे त्या स्पर्धकालाच गेलं, आणि त्याने सीडी३ चा हात गुपचूप नॉबवर घेतला.

भागीदार अकरा दिवस आयन एक्स्चेंजवर बसला. ग्रेडियंट इतका सावकाश की मशीनही कंटाळलं असेल. शेवटी मुख्य शिखराला खांद्यासारखा फुगवटा दिसला. मास स्पेक्ट्रोमेट्रीत (रेणूचं वजन मोजणारी चाचणी) ती होल-होल जोडीच निघाली : दोन होल, दोन सीडी३, म्हणून टार्गेटशिवायच टी पेशींना चेतवणारी.

पाच महिने आम्ही पगार घेतला नाही. तेव्हा रक्ताच्या कर्करोगावर काम करणाऱ्या एका मॅडमनी छोटी ऑर्डर दिली. फोनवर एवढंच म्हणाल्या, “टार्गेट नसलेल्या वेल आधी दाखवा, बाकीचं नंतर बोलू.” दाखवल्या. काळ्याकुट्ट. त्या आजही आमच्याकडूनच घेतात, आणि आजही फाइल उघडून आधी तेच पान बघतात.

नंतरची वर्षं बरी गेली. मशीन बदललं, माणसं वाढली.

विषय निघालाच आहे तर सांगतो, सीडी३ ला घट्ट धरणाऱ्या हाताचा अभिमान बाळगू नका. सैल पकडीचे रेणूही पुष्कळदा तितकेच मारतात, सायटोकाइन (दाह पेटवणारी रसायनं) मात्र कमी उसळतात. नवीन मुलं पकडीचा आकडा (लहान म्हणजे घट्ट) जितका लहान तितकी खूश होतात.

त्या बॅचच्या दोन व्हायल उणे ऐंशीच्या फ्रीजरमध्ये अजून आहेत. भागीदार दर वर्षी साफसफाईला म्हणतो, “टाक ना आता.” मी लेबल पुसून पुन्हा आत ठेवतो.